चिटेंजेत गुंडाळलेली पुस्तकं

जानेवारीत आम्ही ब्लँटायरहून झोंबाच्या पुढे, चिल्वा तलावाकडच्या एका प्राथमिक शाळेसाठी पुस्तकांची अकरा खोकी घेऊन निघालो. मलावीत 1994 पासून प्राथमिक शिक्षण मोफत आहे. वर्ग गच्च भरतात, पुस्तकं पुरत नाहीत. ऐन पावसाळा, आणि ताडपत्री घरीच राहिलेली. चूक माझीच.

शाळा दोन किलोमीटरवर असताना पिकअप चिखलात रुतली आणि पाऊस कोसळला. बाजारातून परतणाऱ्या बायका थांबल्या. काही न विचारता त्यांनी कमरेवरची जास्तीची चिटेंजे, म्हणजे गुंडाळायची कापडं, सोडली, खोकी गुंडाळून डोक्यावर घेतली आणि चालू लागल्या. उरलेली दोन खोकी कबाझावाल्या, म्हणजे सायकल-टॅक्सीवाल्या, पोरांनी कॅरिअरला बांधली. भाडं घेतलं नाही.

एक खोकं भिजलंच. शाळेशेजारच्या आजींनी ती पुस्तकं चुलीपासून हातभर लांब उघडून उभी केली आणि चिकटलेली पानं मक्याच्या सोपटाने एकेक सोडवली. आपल्याला वाचता येत नाही, हे त्यांनी हसत सांगितलं. ड्रायव्हरने मला त्यांचं बोलणं समजावलं.

बायांनो, पोरांनो, आजी, तुमची नावं विचारायची राहिली. झिकोमो क्वांबिरी, म्हणजे खूप खूप आभार! दोन चिटेंजे माझ्याकडेच राहिलीत. धुऊन ठेवलीत, पुढच्या खेपेला आणतो.