हलका लॅपटॉप घेतला, बाबा

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, रागावू नका. लॅपटॉप घेतला, पण तुम्ही म्हणाला होता तसा दणकट नाही. हलका घेतला, 1.2 किलोचा. फोनवर सांगितलं असतं तर "बरं" म्हणून तुम्ही फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहिते.

जुना तुम्ही बोंडअळीच्या वर्षी घेऊन दिलेला. 2017 ला कपाशी हातची गेली, तरी तुरीच्या पैशांतून. त्याच्यावरच माझं शिक्षण झालं. तो विकला नाही, विकणारही नाही. पण चार्जरसकट तीन किलोंच्या वर भरतो. दारव्ह्याहून येऊन फाट्यापासून ती बॅग घेऊन चालायचं जिवावर यायचं, म्हणून पोळा नि दिवाळी सोडून मी येणं टाळत गेले. "सुट्टी नाही" म्हणायची, ते सगळं खरं नव्हतं. आई, मागच्या महिन्यात बाबांना वावरात भोवळ आली, ते मला आठ दिवसांनी कळलं. तुला बोल लावत नाही. पण त्या रात्री झोप लागली नाही.

दुकानात दोन तास काढले, बाबा. दणकटात वेगळं ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर 45 वॅटचा. इमारतींची थ्रीडी चित्रं भराभर निघतात. पण बॅटरीवर दीड-दोन तासांत मान टाकतो, आणि आपल्याकडे दुपारी लाइन गेली की मी नुसती बसून. हलक्यातला प्रोसेसर 15 वॅटचा, साधं काम असलं तर बॅटरी आठ तास पुरते. जड काम नेटवरून ऑफिसच्या मशीनवर करून घेईन. निंबाखाली टॉवर लागतो, तेवढं पुरे. सलग राबवला की हा तापून मंदावतो, हे मान्य. रॅम बोर्डवरच पक्की असते, मागून वाढवता येत नाही, म्हणून आधीच 16 जीबीची घेतली. तुम्ही तरी शंकरपटाचा गोऱ्हा नांगराला कुठं जुंपता?

65,000 पडले. हप्ता नाही, कर्ज नाही.

आता दर महिन्याला आठ दिवस येईन, साहेबांना विचारलंय. माझ्यासाठी टेबल-खुर्ची काही आणू नका, ओसरीतली बाज आहे. उन्हाळ्यात कूलरही तुमच्याच खोलीत राहू द्या. या यंत्राला 35 अंशांपर्यंतच मानवतं, मी ते घेऊन तिथंच येऊन बसेन.

आई, कापूस घरात भरला की मी ढिगावरच झोपायची, नि सकाळी तू माझ्या केसांतली पत्ती वेचत बसायची. यंदा वेचणीला मी आहे. केस आखूड केलेत, तरी वेच.

बाबांची बीपीची गोळी रोजच्या रोज. बरं वाटतं म्हणून सोडायची नाही. दुपारी 12 ते 4 वावरात जायचं नाही. आणि 16 लिटरचा पंप पाठीवर अजिबात घ्यायचा नाही, फवारणीला माणूस लावा, मजुरी मी पाठवते. बाबा, तुम्हाला होत नाही असं मी म्हणत नाही. मला धीर धरवत नाही.

शनिवारी दुपारच्या एसटीनं उतरते. बंडी जुंपून फाट्यावर येऊ नका, बॅग हलकी आहे. आलातच तर डोक्याला दुपट्टा बांधून या.

तुमची पोरगी