सूचना : जुन्या विज्ञानपटांचे गमतीदार ‘पुढचे भाग’

सभासद मित्रहो,

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता नेहमीच्या सभागृहात आपली बैठक आहे. प्रत्येकाने १९७० पूर्वीच्या एखाद्या विज्ञानपटाचा गमतीदार पुढचा भाग कल्पून आणायचा आहे.

नमुना म्हणून जॉर्ज मेलिएस यांचा १९०२ सालचा ‘ए ट्रिप टू द मून’ घ्या. जेमतेम पाव तासाचा मूकपट. चंद्राच्या डोळ्यात रुतलेलं यान सगळ्यांना आठवतं, पण शेवटी एक चंद्रवासी त्याच यानाला लटकून पृथ्वीवर येतो, हे फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. मिरवणुकीत त्याला सगळ्यांपुढे मिरवतात आणि चित्रपट संपतो. त्याचे भाईबंद तर छत्रीचा फटका बसताच धूर होऊन गेले होते! मग पहिल्या पावसात, जिकडेतिकडे छत्र्या उघडलेल्या असताना, बिचारा बाहेर कसा पडला असेल? मला या कल्पनेने दोन दिवस झोपू दिलं नाही.

लक्षात ठेवा :

- प्रत्येकी ५ मिनिटं. लिहून आणा, आयत्या वेळी सुचत नाही.
- मूळ चित्रपट पूर्ण पाहिलेला हवा. त्यातला एक तरी खरा तपशील धरूनच कथा पुढे न्या.
- १९६८ च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’मधल्या हॅल संगणकावर बरेच जण लिहितील, त्यावर दोनच कथा घेऊ, आधी सांगेल त्याला संधी.
- मुलांनाही जरूर आणा, त्यांचे प्रश्न फार कामी येतात.

चित्रपटाचं नाव गुरुवारपर्यंत कळवा.

– कार्यवाह