बेन, तुमच्या त्या एका ओळीसाठी

आदरणीय बेन,

नाव कुठे लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं बेन. दांडिया बाजारातल्या आणि बाबाजीपुऱ्यातल्या बायकांना तेवढं पुरे आहे.

सगळ्या वस्तीने मिळून एकच पुस्तक वाचायचं, हे मनात घेऊन आम्ही तुमच्याकडे आलो तेव्हा धीर सुटत आला होता. आधी ज्यांच्या दारात गेलो ते मराठीच्या नावाने कार्यक्रम करणारे लोक. "इथे आता मराठी वाचतं कोण?" असं त्यांनी तोंडावर विचारलं. त्याचा राग अजून गेलेला नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना बोलावलं, ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, पेट्यांत पुस्तकं भरून खेडोपाडी पाठवली, ते हेच बडोदं. इथे एका मराठी माणसाने दुसऱ्याला असं विचारावं?

तुम्ही गुजराती. सगळी नोकरी ग्रंथालयात झालेली. सिअ‍ॅटल शहराने १९९८ मध्ये असंच एक पुस्तक मिळून वाचलं होतं, हे तुम्हाला आमच्या आधीपासून माहीत होतं. पण तुम्ही त्यावर बोलत बसला नाहीत. एवढंच विचारलंत, "बायका वाचणार कधी? दुपारी की रात्री?" त्याआधी हे कुणी विचारलंच नव्हतं.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्यायचं ठरलं. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, तेव्हा मोठ्याने वाचून फोनवर पाठवायलाही हरकत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. ज्यांची नजर गेली आहे त्या आज्या त्यामुळे आमच्यात आल्या. प्रती कुठून कुठून जमवल्यात, कुणाकुणाला शब्द टाकलात, ते सगळं लिहीत नाही. तुम्हाला आवडणार नाही.

पण एक गोष्ट लिहिणारच. पहिल्या रविवारी प्रती टेबलावर तशाच पडून राहिल्या. पोळ्या करायला जाणाऱ्या, डबे करणाऱ्या बायका लांबूनच बघत होत्या. ग्रंथालयाचं पुस्तक खराब झालं तर भरून द्यावं लागेल, ही धास्ती. आम्हाला वाटलं, आवड नाही. तुम्ही मात्र सगळ्या प्रती घरी नेल्यात, खाकी कागदाची कव्हरं घातलीत आणि प्रत्येकीच्या आत स्वतःच्या हाताने मराठीत लिहिलंत: "हळद लागली तरी चालेल." अक्षरांवर रेघ नाही, गुजराती वळणाची.

पुढच्या रविवारी टेबल रिकामं झालं.

मग पुस्तक ओट्याशी गेलं, पाळण्याशी गेलं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याची हकीकत वाचून एक काकू मला म्हणाल्या, "आमचे सासरे असेच होते गं," आणि त्यानंतर तासभर बोलल्या. त्या आमच्या शेजारच्याच, पण एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. इंग्रजी माध्यमातल्या मुलींना जोडाक्षरं अडतात. त्या आता आजीला विचारून पुढे जातात, आजीही पदर खोचून शिकवायला बसते. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या, लग्नानंतर वाचायला शिकल्या, हे कळल्यावर तर दोघीतिघींनी नव्याने अक्षरं गिरवायला घेतली.

बेन, समोरच्याला आपल्या दारात अवघडायला होऊ नये याची काळजी घेणारी माणसं फार थोडी. मदत करणारे पुष्कळ असतात, पण ती घेताना मान खाली घालावी लागते. तुमच्याकडे कुणाला ती घालावी लागली नाही. माझ्या आईला असं कुणी भेटलं असतं तर तीही वाचत राहिली असती, असं फार वाटतं.

सगळ्या प्रती परत आल्यात. काहींना हळद लागली आहे, एकीवर तेलाचा डाग आहे. दिवाळीनंतरचं पुस्तक गुजराती घ्यायचं, असं बायकांनीच ठरवलंय. लिपी आम्हाला येते, पण चांगलं काय ते कळत नाही. निवड तुम्ही करायची आणि पहिलं प्रकरणही तुम्हीच वाचून दाखवायचं. रविवारी चार वाजता घ्यायला येते.

तुमची,
बाबाजीपुऱ्यातली