31 मार्चला पैसे भरले, आता पेरायचं कशानं? अर्थमंत्र्यांना खुले पत्र

3 जुलै 2025

प्रति,
मा. अर्थमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मार्च संपता संपता आपण जाहीर सांगितलं की कर्जमाफीची वाट पाहू नका, 31 मार्चच्या आत पीककर्ज भरा. मी भरलं. 1 लाख 40 हजार. आपला शब्द मानणारा एक तरी कास्तकार राळेगाव तालुक्यात निघाला, याची नोंद आपल्या खात्यानं घ्यावी.

आता पैसे कुठून आणले तेही ऐका. सोयाबीनचा हमीभाव होता 4,892. निवडणुकीच्या सभांत 6,000 ऐकलं होतं. माझं गेलं चार हजारांच्या आत. कापसाचे पैसे घराच्या खर्चात आणि कृषी केंद्राच्या मागच्या उधारीत जिरले. मग राहिला कोण? गावातला सावकार. शेकडा तीननं पैसे उचलले. बँकेचे साहेब म्हणाले होते, तुम्ही भरा, आठ दिवसांत नवंजुनं करून देतो, म्हणजे जुनं मिटवून नवं कर्ज. दरवर्षी निम्मं गाव हेच करते. बँकेच्या कागदावर वसुली झकास दिसते, सावकाराची आठवडाभराची कमाई होते, आणि आम्ही वेळेवर भरणारे आदर्श शेतकरी ठरतो.

या वर्षी आठ दिवसांचे तीन महिने झाले. आधी फाईल वर गेली होती. मग साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे फिरवून दाखवला, "काका, आपका सिबिल डाउन है." सिबिल म्हणजे कर्जफेडीचे गुण. ते का पडले, तर साळ्याच्या ट्रॅक्टरला मी जामीनदार आहे आणि त्याचे दोन हप्ते थकलेत. मुख्यमंत्री गेल्या वर्षीपासून सांगत आहेत की पीककर्जाला सिबिल मागू नका, मागाल तर गुन्हे दाखल करू. मी तेच कात्रण दाखवलं. साहेबांनी वाचलं आणि घडी करून परत दिलं. "ये हमारे पास नहीं आया," म्हणाले.

तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेवर भरलं तर शून्य टक्के, असं आपण भाषणात सांगता ना? माझ्या शून्य टक्क्याचा हिशेब असा: महिन्याला 4,200 सावकाराला. तीन महिन्यांचे 12,600 झाले, मुद्दल तसंच उभं. पेरणी तर थांबत नाही. कपाशीचं पाकीट 901 रुपयांचं, पण उधारीत घेतलं की भाव दुकानदाराचा, आणि डीएपी खताच्या पोत्यासोबत नको असलेली बाटली गळ्यात. लिंकिंग बंद केलं, असं दर हंगामात कृषी खातं सांगते. कुठं बंद केलं तेवढं एकदा दाखवा.

शेजाऱ्यानं यंदा कर्ज भरलंच नाही. मी बँकेतून असा रिकाम्या हातानं आलो तेव्हा धुऱ्यावरून हसला. "भाऊ, तुले कोनं सांगतलं होतं भराले?" काय उत्तर देऊ? अर्थमंत्र्यांनी, म्हणू?

तो मूर्ख नाही, महोदय. तो हिशेबी आहे. त्यानं 2008 पाहिलं आहे. तेव्हा पूर्ण माफी पाच एकरांपर्यंत होती. आमच्या बापाचं सात एकर कोरडवाहू, म्हणजे आम्ही बागायतदार ठरलो! 2017 ला थकबाकीदाराचे दीड लाखांपर्यंत माफ, नियमित भरणाऱ्याला फार तर 25 हजार. 2019 ला थकबाकीदाराचे दोन लाखांपर्यंत, आणि भरणाऱ्याला 50 हजारांपर्यंत प्रोत्साहन. ते प्रोत्साहन वाटायला 2022 उजाडलं. याद्या ग्रामपंचायतीत लागल्या, माझं नाव एकाही यादीत नव्हतं. पोर्टलवर अडलं आहे, एवढंच अजूनपर्यंत कळलं. मग 2024 च्या निवडणुकीत पुन्हा सातबारा कोरा करायचा शब्द आला, आणि मते पडल्यावर चार महिन्यांत आपला 31 मार्च आला. एवढं सगळं पाहून जो भरायचा थांबला, त्याला कर्ज बुडवायची सवय लागली म्हणता? शिकवणी कोणाची?

आपल्याच मंत्रिमंडळातले कृषिमंत्री बोलले की शेतकरी पैसे घेतात आणि साखरपुडे, लग्नं करतात. करतो. पोरगी काय पुढच्या अधिवेशनापर्यंत थांबवू?

फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेचा आर्थिक साक्षरता सप्ताह झाला. त्या सुमारास आमच्याकडेही बँकेचं शिबिर झालं. खर्च लिहायला डायरी वाटली, बचतीचं महत्त्व सांगितलं. साक्षरता पाहायची असेल तर आमच्या घरासमोरच्या निंबाखाली या. तिथं मायक्रोफायनान्सच्या गटाची बैठक असते. व्याज वर्षाला 24 टक्क्यांच्या आसपास, तरी बायका हप्ता चुकवत नाहीत. एखादीकडे दोनशे कमी पडले की बाकीच्या पदराच्या गाठी सोडतात. माझी बायको शेळी विकते, पण हप्ता ठेवते. का? कारण फेडलं की पुढचं कर्ज ठरल्या दिवशी हातात पडते. पोराच्या फीचा, बियाण्याचा हिशेब त्या तारखेवर बसतो. तो गट महाग आहे, जीव खातो, मला त्याची आरती ओवाळायची नाही. पण तारीख पाळते. तुमचं शून्य टक्के कधी येईल ते मॅनेजरलाही ठाऊक नाही, म्हणून माणूस 24 टक्क्यांकडे अन् शेकडा तीनकडे पळते. यात साक्षरता कुठं कमी पडली?

आणि आम्हाला डायरी देणाऱ्या सरकारची डायरी कशी आहे? यंदाच्या अर्थसंकल्पात राज्याचं कर्ज नऊ लाख 32 हजार कोटींवर जाणार, महसुली तूट 45 हजार कोटींच्या वर. अंथरूण पाहून पाय पसरा, हे आम्हाला सांगता? तेरा कोटी माणसं धरली तर माणशी सत्तर हजारांच्या वर पडतात. माझ्या घरात पाच माणसं, म्हणजे साडेतीन लाख. माझ्या पीककर्जाच्या अडीचपट कर्ज तुम्ही माझ्या नावावर काढून ठेवलंय, आणि त्याला जामीन लागला नाही, सिबिल लागलं नाही. मार्चमध्ये अर्थसंकल्प, 30 जूनला 57 हजार कोटींच्या पुरवणी मागण्या. असा अंदाज मी वावरात चुकवला तर सावकार दारात उभा करणार नाही. पवनारहून निघणाऱ्या शक्तिपीठ महामार्गाला 86 हजार कोटी निघतात, जे इकडच्या कोणी मागितल्याचं मी ऐकलं नाही. लाडक्या बहिणींना 2,100 देतो म्हणालात, घरात अजून 1,500 च येतात. एक रुपयाचा पीकविमा होता, तो गैरप्रकार झाले म्हणून बंद. गैरप्रकार केले कोणी आणि शिक्षा कोणाला? कपाशीला आता पाच टक्के हप्ता आम्ही भरायचा.

मागण्या मोठ्या नाहीत. भरलेल्या कास्तकाराला नवं कर्ज अमुक दिवसांत मिळालंच पाहिजे, नाही मिळालं तर मधल्या दिवसांचं सावकारी व्याज बँकेच्या माथी मारा. सिबिलचा आदेश शाखेपर्यंत लेखी पोचवा. प्रोत्साहनाच्या यादीत जे राहिले त्यांचं काय ते एकदाचं सांगून टाका.

आणि येत्या 31 मार्चला भरू की थांबू, तेवढं कळवा. भाषणात नको. जीआर काढा, क्रमांक आणि तारखेसह. एक प्रत शेजाऱ्यालाही लागेल.

आपला,
एक नियमित कर्जदार कास्तकार
ता. राळेगाव, जि. यवतमाळ