वाजवताना चेहरा कोरडा का?

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर माझ्या पियानोच्या कार्यक्रमाबद्दल तुम्ही म्हणालात, "वाजवलंस छान, पण चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं." आईने लगेच विषय बदलला. पण प्रश्न रास्त आहे आणि फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितेय.

आधी पियानोचं सांगते. पट्टी दाबली की आत नमदा चढवलेली हातोडी उसळते, तारेवर आदळते आणि लगेच मागे पडते. त्यानंतर स्वर कधी थांबवायचा, एवढंच हातात उरतं. तो फुगवता येत नाही, मींड तर दूरच. गाणारा एकाच स्वरावर थांबून त्यात जीव ओततो. आमचा स्वर उमटला की विरायलाच लागतो. त्यामुळे भाव आणायचा तो दोन स्वरांच्या मध्ये. पुढचा किती रेंगाळून येतो, डावा हात किती दबलेला आहे, पेडल नेमकं कुठे सोडलं, यात.

आई, तुझे डोळे भरून आले तो छोटा तुकडा म्हणजे संगीतकार शोपँचं ई मायनर या स्वरसप्तकातलं प्रेल्यूड, म्हणजे छोटी रचना; ओपस 28 या त्याच्या संचातलं चौथं. त्यात सुरुवातीला उजवा हात जवळपास काहीच करत नाही. एक लांब स्वर, वरच्याला जेमतेम स्पर्श, पुन्हा तोच. सगळं घडतं डावीकडे. तीन-तीन स्वरांचे एकसारखे ठोके पडत राहतात आणि त्यातला कधी हा, कधी तो स्वर अर्ध्या पायरीने खाली घसरतो. नेमकं काय बदललं ते ऐकणाऱ्याला सांगता येत नाही, पण पायाखालची जमीन खचतेय हे कळतं. घसरणाऱ्या त्या एका स्वरावर मला कणभर जास्त वजन द्यायचं असतं, बाकीचे दोन जिथल्या तिथे ठेवून. तिथे मीच हेलावले तर तिन्ही जड होतील आणि तुम्हाला नुसती धडधड ऐकू येईल. रडणं-बिडणं सरावाच्या खोलीत केव्हाच उरकलेलं असतं. मंचावर मी ऐकत असते, बाबा, आणि मन लावून ऐकणाऱ्याचा चेहरा कोरडाच दिसतो.

शेवटच्या तीन कॉर्डांआधी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या तीन ठोक्यांआधी, एक थांबा आहे. तो किती लांबवायचा ते कागदावर लिहिलेलं नाही, नुसती खूण आहे. ते त्या दिवशीच्या सभागृहावर ठरतं. त्या दिवशी कुणीतरी खोकलं, मी आणखी थोडी थांबले. 1849 मध्ये शोपँच्या अंत्यविधीला हेच ऑर्गनवर वाजवलं होतं म्हणे. ऑर्गनचा स्वर पट्टी सोडेपर्यंत विरत नाही, त्यामुळे ते कसं वाटलं असेल याचं मला फार कुतूहल आहे.

आता आईची काळजी: "हात चालतायत तोवर ठीक, पुढे काय?" अगं, मंचावरचा एकल कार्यक्रम हा या धंद्याचा लहानसा भाग. माझं घर गायकांच्या साथीवर आणि शिकवण्यांवर चालतं. खुद्द शोपँने उभ्या आयुष्यात जाहीर कार्यक्रम केले ते तीसेक. त्याचंही पोट मुख्यतः शिकवण्यांवरच होतं. हाताची भीती मात्र खरी आहे, ती मी नाकारत नाही. लिऑन फ्लायशर या पियानोवादकाच्या उजव्या हाताची दोन बोटं 1964च्या सुमारास आत वळायला लागली. नंतर कित्येक वर्षं तो डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत राहिला, शिकवत राहिला, वाद्यवृंद चालवत राहिला. पुढे उपचारांनी हात सुधारला आणि 1990च्या दशकात तो दोन्ही हातांनी वाजवायला परत आला. अशा रचना मुळात आहेत, कारण पाउल विटगेनश्टाइन या पियानोवादकाने पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावल्यावर राव्हेलसारख्या संगीतकारांकडून त्या लिहून घेतल्या. हे सगळं ऐकून तुला धीर येईल की आणखी धास्ती वाटेल, सांगता येत नाही. मी एवढं करते: मनगट दुखलं की झाकण बंद. दुखणं दाबून वाजवण्यात कसली आलीय बहादुरी!

पुढच्या महिन्यात एका गायिकेची साथ आहे, त्याचं रेकॉर्डिंग पाठवते. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, डाव्या हाताचे खालचे स्वर त्यात गडपच होतात. आई हेडफोन लावायला कुरकुर करेल. बाबा, तुम्हीच लावून द्या आणि आवाज आधी कमी ठेवा.

तुमची लेक