थांबू नको, विन्या

विश्रामबाग, सांगली

प्रिय विन्या,

तुझा रात्री दीडचा व्हॉइस मेसेज ऐकला. म्हटलं हे फोनवर सांगून भागायचं नाही, बसून लिहितोच. तुझं म्हणणं काय तर चीनमध्ये इंजेक्शन देऊन पोरांना ऐकू यायला लागलंय, मग आपल्या ऐकू न येणाऱ्या ओजसला कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात इलेक्ट्रोड घालून नसेला थेट सिग्नल द्यायचं यंत्र) बसवायला कानाची चिरफाड कशाला, थांबू की दोन-चार वर्षं.

बातमी खोटी नाहीये रे. शांघायच्या फुदान युनिव्हर्सिटीवाल्यांचं काम आहे, जानेवारी 2024 ला लॅन्सेटमध्ये छापून आलं, 6 पोरं होती त्यातल्या 5 जणांना ऐकू यायला लागलं. पण ते सगळं ओटोफर्लिन नावाच्या एकाच जीनच्या बिघाडावर आहे. या पोरांचा कान आवाज पकडतो पण तो पुढे नसेला द्यायला जे प्रोटीन लागतं तेच नसतं. जीन एवढा मोठा की एका व्हायरसमध्ये मावत नाही, मग दोन तुकडे करून दोघांतून आत सोडतात. डोकं लावलंय, वादच नाही. पण जन्मापासून ऐकू न येणाऱ्या पोरांत असली केस थोड्यांचीच, आणि आपला ओजस त्यातला आहे का हे कुणी तपासलंय का अजून?

म्हणून आधी जेनेटिक टेस्ट करून घे. जुने रिपोर्ट पण काढ, जन्मल्यावर ओएई (कान आवाज पकडतो का ते बघणारी टेस्ट) पास आणि नंतर बेरा (आवाज नसेतून मेंदूपर्यंत जातो का ते बघणारी) फेल असं दिसलं तर डॉक्टरांना मुद्दाम दाखव, ओटोफर्लिनवाल्यांत सुरुवातीला बऱ्याचदा असंच येतं. मात्र रिपोर्ट येईपर्यंत इम्प्लांटची तयारी चालू ठेव. पहिल्या तीनेक वर्षांत मेंदूला आवाज मिळाला नाही तर ऐकण्याची जागा तो दुसऱ्या कामाला लावतो, मग पुढं कितीही भारी औषध येऊदे. केंद्राची एडिप योजना (अपंगांना साधनांसाठी मदत देणारी) पण जन्मतः बहिऱ्या पोरांना पाच वर्षांच्या आतच धरते, उत्पन्नाची अट आहे ती बघ.

बाकी इम्प्लांट म्हणजे जादू नाही हे पण सांगतो. यूट्यूबवर स्विच-ऑनला, म्हणजे मशीन पहिल्यांदा चालू करतात तेव्हा, पोरं हसतात, आमची लेक मनू भोकाड पसरून रडली. खरं काम त्यानंतर. सकाळी प्रोसेसर (आवाज पकडणारं बाहेरचं मशीन) लावला, मॅग्नेट डोक्याला चिकटला की आम्ही तिच्या बाजूला बसून तोंड न दाखवता आ, ऊ, ई, म, श, स म्हणतो, ऐकू आलं की ती खांबावर एक रिंग घालते. 'स' ला रिंग पडली नाही की समजायचं बॅटरी तरी गेली किंवा मॅपिंग, म्हणजे मशीनचं तिच्यापुरतं सेटिंग, बघायला हवं. तुमच्या साताऱ्याच्या पावसात तर मशीनची ओल काढायला ड्राय बॉक्स लागणारच. बागेतल्या प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर जायच्या आधी प्रोसेसर काढायचा, स्टॅटिक करंटनं मॅप उडू शकतो.

बोलणं छान येतं, सुरांचं अवघड. मिरजेत सतारमेकर गल्लीत नेली होती, तबला ऐकून मान हलवत होती, तंबोऱ्याकडं बघितलं पण नाही. चांगल्या कानात नसेला आवाज पोचवणाऱ्या साडेतीन हजारांच्या आसपास पेशी असतात आणि इथं 12 नाहीतर 22 इलेक्ट्रोड, होणारच. या पेशी कोंबडीच्या पिल्लाला परत फुटतात, माणसाला नाही. त्या परत उगवायचं एफएक्स-322 औषध 2023 मध्ये ट्रायलमध्येच आपटलं. तेवढ्यासाठी पोरगं ताटकळत ठेवायचं? (आणि विसर्जनात डॉल्बीसमोर नाचणारा तू, इअरप्लग तरी घालत जा.)

एक भीती तुझी बरोबर आहे, इलेक्ट्रोड आत गेला की उरलंसुरलं ऐकणं जाऊ शकतं. म्हणूनच टेस्टमध्ये ओटोफर्लिन निघालं तर एक कान त्या इंजेक्शनसाठी राखायचा की दोन्हीत इम्प्लांट घालायचा हे सर्जनशी बोलून ठरव. नाही निघालं तर माझं मत दोन्ही.

शनिवारी वहिनींना आणि ओजसला घेऊन ये, मनूची थेरपी बघा. लसीकरणाचं कार्ड पण आण, न्यूमोकोकलची लस ऑपरेशनच्या आधी झालेली लागते.

तुझाच,
पक्या