जाड पत्रा म्हणजे सुरक्षित गाडी नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अपघातात चेंदामेंदा झालेल्या नव्या मोटारीचा फोटो छापून आला, की 'पूर्वीच्या गाड्यांचा पत्रा बघा, आताचे नुसते डबे' हे ऐकू येतेच. कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनीचा किंवा अॅम्बॅसडरचा पत्रा जाड होता, हे खरे. पण बोनेट शाबूत राहिले म्हणून धडकेचा जोर कुठे जात नाही. तो आत बसलेल्यांच्या अंगावर येतो.

हिशेब साधा आहे. ताशी ५६ किलोमीटर वेगातली गाडी भिंतीवर आदळून १५ सेंटिमीटरमध्ये थांबली, तर गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी ८० पट झटका बसतो. पुढचा भाग ६० सेंटिमीटर चुरगळत थांबला, तर तोच २० पटींवर येतो. म्हणून आज पुढचे लाँग मेंबर (इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी पुढे जाणारे चौकटीचे लांब दांडे) मुद्दाम घडी पडेल असे बनवतात आणि माणसे बसतात तो पिंजरा जास्त ताकदीच्या पोलादाचा ठेवतात. जुन्या रचनेत स्टीअरिंगचा दांडा एकसंध असे. समोरून धडक बसली की तो चालकाच्या छातीवर येई. आता तो मिटतो.

'डबा' हा शब्द लागू पडत असेल तर मधल्या पिढीला. १९८३ साली मारुती ८०० आली. आडवे बसवलेले इंजिन आणि पुढच्या चाकांना ओढ, यामुळे एवढ्याशा गाडीत चौघांचे कुटुंब मावले. पण धडक चाचणीची सक्तीच नव्हती. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या ५ लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटरला आदळवल्या. प्रौढांच्या सुरक्षिततेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. आपल्याकडची सक्तीची, ताशी ५६ किलोमीटरची धडक चाचणी ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलांना आणि ऑक्टोबर २०१९ पासून सर्वांना लागू झाली. जुनी गाडी घेताना ती या तारखेनंतर बनली आहे का, हे किलोमीटरच्या आकड्याइतकेच बघावे.

जुन्या गाड्यांचे एक मात्र मान्य करायला हवे: काचा मोठ्या, खांब बारीक, चौफेर नजर पोचे. आताचे पुढचे खांब छप्पर तोलण्यासाठी जाड केलेत; वळणावर त्यांच्याआड अख्खी दुचाकी लपते. वळताना पुढे झुकून खांबापलीकडे बघावे.

बाकी आपण नव्या रचनेचा फायदा स्वतःच घालवतो. बंपरपुढे लोखंडी बुलगार्ड लावला की धक्का पुढच्या चुरगळणाऱ्या टोकाला वळसा घालून थेट लाँग मेंबरच्या कडक भागावर जातो, एअरबॅगच्या सेन्सरचाही अंदाज चुकू शकतो. बाजूची एअरबॅग सीटमध्ये असेल तर वरून शिवलेले कव्हर तिची वाट अडवते. मागे बसणारे पट्टा बांधत नाहीत. धडकेत ते त्याच वेगाने पुढच्या सीटवर आदळतात आणि पुढच्या माणसालाही चिरडतात.

वापरलेली गाडी घेताना बोनेट उघडून एप्रन (चाकांवरचा आतला पत्रा) आणि लाँग मेंबर बघा. कारखान्यातले स्पॉट वेल्डिंग सारख्या अंतरावर, गोल खळग्यांसारखे दिसते. तिथे गॅस वेल्डिंगची रेघ, लांबी (पुट्टी) भरल्याच्या खुणा किंवा ताजा रंग दिसला तर ती गाडी सोडा. गॅसने तापवलेल्या जास्त ताकदीच्या पोलादाची मूळ ताकद राहत नाही. मग चावी फिरवा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर एअरबॅग फुटून गेलेली असण्याची आणि दिवा मुद्दाम काढलेला असण्याची शक्यता धरा.

आपला,
एक वाचक, पुणे